उजव्या बाजूचे चौदा तास

ता. ४ मार्च १९९६, सोमवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. वर्कशॉपच्या मागच्या बाकावर बसून पट्टीने चोवीस झडपांच्या टॅपेटांची आकृती आखत आहे.

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वेळ मुद्दाम लिहिली. माझ्या पत्रातून मी कितीला काय करत होतो याखेरीज काही कळत नाही, असं तुम्ही नेहमी म्हणता. या वेळी मात्र सांगण्यासारखं आहे आणि विचारण्यासारखंही.

मला इथे येऊन दोन महिने पाच दिवस झाले. खोली बरी आहे. खिडकीसमोर भिंत आहे, पण वरून उजेड येतो. एक वेळ जेवतो आणि दुसऱ्या वेळी चहा-पाव घेतो. हे आईला सांगू नये. वर्कशॉपमध्ये मला मिनिटराव म्हणतात, कारण प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते मी वहीत लिहितो. वेल्डर तर रोज विचारतो की आज नाक शिंकरायला किती लागली.

इथली पद्धत तुमच्याकडच्यापेक्षा वेगळी आहे. मालकीणबाई स्वतः टेबलाशी बसतात. कामाला हात लावण्याआधी किती तास लागतील ते त्यांना कागदावर लिहून द्यायचं. काम लवकर संपलं तरी लिहिलेल्या तासांचा पगार मिळतो, आणि लांबलं तर वरचे तास फुकट. एकदा दिलेला आकडा बदलत नाही. खाडाखोड दिसली तर बाई कागद परत करतात आणि माणसालाही परत पाठवतील असं वाटतं. मी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे.

आता एक जुनी स्पोर्ट्स कार आली आहे. लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली. मालक दातांचे डॉक्टर आहेत. इंजिनाला बारा सिलिंडर, डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा. दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे झडपा उघडणारे चार कॅमशाफ्ट बदलायचे आहेत. नवे चारही डॉक्टरांनी आणून दिलेत. अंदाज मी लिहायचा आणि कामही मीच करायचं. जमलं तर बाई मला कायम करणार, आणि अंदाज लिहिण्याचं टेबलही देणार. नाही जमलं तर महिनाअखेर मी तुमच्या दारात.

मी प्रत्येक पायरीचा वेळ मांडला. कॅमशाफ्टखाली प्रत्येक झडपेला एक छोटी गोल चकती असते, शिम. नवा कॅमशाफ्ट बसवून चोवीस ठिकाणी त्याच्या खालची फट मोजायची, जिथे चुकली तिथे कॅमशाफ्ट परत काढून वेगळ्या जाडीची शिम घालायची, पुन्हा बसवायचं, पुन्हा मोजायचं. एवढ्यालाच माझ्या हिशेबाने पंधरा तास जातात. एकूण बेरीज सदतीस तास वीस मिनिटं येते. तीन वेळा केली.

पण तुम्ही याच मॉडेलचे चारही कॅमशाफ्ट एकट्याने सोळा तासांत बदलले होते, हे इथल्या रंगाऱ्यालाही माहीत आहे. बाईंनी पहिल्या दिवशी मला विचारलं होतं की सोळा तासवाल्या मिस्त्रींचा भाचा तो तूच का. मी मान वर करून हो म्हणालो होतो. आता वही बघतो आणि मान खाली जाते. माझं कुठे चुकतंय ते कळवावं. शनिवारी दहा वाजता आकडा द्यायचा आहे.

मामींना नमस्कार. आईच्या खोलीची कडी ढिली झाली आहे, तेवढी बघावी. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

आपला भाचा


ता. ६ मार्च

चि. मिनिटरावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. इंजिन आणि कपाट यातला फरक तिला सांगावा लागतो, पण सदतीस तास वीस मिनिटं ऐकून तीही हसली. ती वरची वीस मिनिटं कसली रे? पान्याची माफी मागायची?

सहा वर्षं माझ्या हाताखाली होतास. मी तुला पाना धरायला शिकवलं, आणि तू पेन्सिल धरून बसलास. नववीत शाळा सुटली म्हणून आता इंजिनावर परीक्षा देतोस काय? फट बोटाला कळते. कॅमशाफ्ट बसवला, हाताने फिरवला, कानाला गोड लागलं की झाकण लावायचं. दोनदा मोजणारे लोक दोनदा जेवत नाहीत.

बापावर गेलास, दुसरं काय. दाजी एक स्क्रू हातात घ्यायचे, त्याची विचारपूस करायचे, त्याच्या घरच्यांची खुशाली विचारायचे आणि मग पिळायचे. आम्ही त्यांना गोगलगाय म्हणायचो तर तेही हसायचे. हसण्यात मात्र चपळ होते. मरेपर्यंत मदतनीसच राहिला माणूस, आणि तेवढंही मी ठेवून घेतलं म्हणून. बहिणीचं कुंकू होतं, काय करणार.

सोळा लिही. मला सोळा लागले, तू माझ्याकडे शिकलास, तुलाही सोळाच लागायला हवेत. सदतीस लिहायचे असतील तर माझा भाचा आहेस हे तिथे कुणाला सांगू नकोस. गोगलगायीचा मुलगा आहे म्हणून सांग, लोकांना पटेल.

इकडे आमचे मालक जागा टायरवाल्याला विकणार अशी आवई आहे. विकू देत. सोळा तासवाल्याला घरी बसवणारा अजून जन्मला नाही.

कडीचं बघतो. तुझी आई बरी आहे, भांडी आदळते म्हणजे बरीच असणार. चार शब्द टोचले तरी आपल्या माणसाचे आहेत हे ध्यानात ठेवून वागावं.

तुझा मामा


ता. १७ मार्च १९९६, रविवार. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे. खोलीवर आहे. नखांतलं ग्रीस काडीने काढून झालं आणि लिहायला बसलो.

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी सोळा लिहिले.

बाईंनी कागद हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की नक्की का. मी नक्की म्हणालो. सोमवारी सकाळी आठला काम सुरू केलं. सोळावा तास मंगळवारी संध्याकाळी संपला. तेव्हा जुने चार कॅमशाफ्ट बाकावर होते आणि नवा एकही बसलेला नव्हता. वेल्डरने सगळ्यांसमोर माझ्या खिशात एक सुटं नाणं टाकलं आणि सांगितलं की हा पुढच्या सगळ्या तासांचा पगार, जपून खर्च कर. रंगारी रोज सकाळी भिंतीवर खडूने एक रेघ ओढायचा, कैदी ओढतात तशी. शुक्रवारी काम झालं. गाडी गोड चालते. एकूण अडतीस तास दहा मिनिटं लागली. त्यातली बावीस तास दहा मिनिटं फुकट गेली. तासाला तीस प्रमाणे सहाशे पासष्ट कापले गेले. नोकरीचं काय ते बाई महिनाअखेर सांगणार आहेत.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

इंजिन खोललं तेव्हा डावीकडचे दोन्ही कॅमशाफ्ट खरवडलेले निघाले. फटी पहिल्यापासून कमी ठेवल्या होत्या, धातू धातूवर घासत राहिला. उजवीकडचे दोन्ही मात्र नितळ होते. बाई म्हणाल्या की हे दोन बदलले नसते तरी चाललं असतं. मग मी उजवीकडचं झाकण धुवायला घेतलं. आतल्या बाजूला तेलाचा तपकिरी थर होता. तो निघाल्यावर खाली सुईने कोरलेले आकडे दिसले. बारा फटींची मापं, आधीची आणि नंतरची, दोन ओळींत. खाली तारीख, ११-१२ जून १९७७. त्याखाली लिहिलं होतं, १४ तास.

अक्षर मी ओळखलं. आपल्याकडच्या पिठाच्या, साखरेच्या, चहाच्या डब्यांच्या झाकणांवर तेच आकडे आहेत. डबा कधी भरला ते बाबा सुईने कोरून ठेवायचे. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, पण ती झाकणं मी रोज बघत होतो. डावीकडच्या झाकणात काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी गाडीबरोबर तिचे सगळे जुने कागद दिले आहेत. त्यात तुमच्या वर्कशॉपचा त्याच तारखेचा कागद आहे. मामा, ही तीच गाडी आहे. कागदावर असं आहे: इंजिन काम, मिस्त्री, १६ तास. खाली: धुणे-पुसणे, मदतनीस, २ तास. दोन्ही ओळी तुमच्या हातच्या आहेत.

चौदा आणि दोन सोळा होतात. मी बेरीज तीन वेळा केली. त्या दोन दिवसांत उजव्या बाजूला कोण होतं, एवढंच विचारायचं आहे.

दुसरं, आईच्या कडीचं झालं का?

उत्तर यावं. लोभ होता तसा आहे असं समजतो.

आपला भाचा


ता. २० मार्च

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

तुझी चौकशी वाचली. मला वाटलं, पत्र भाच्याचं आहे. आत बघतो तर फौजदार.

होते तुझे बाबा तिथे. दिवा धरायला. दिवा धरणाऱ्याला कंटाळा आला की तो झाकणावर चित्रं काढतो. तुझ्या बापाने आयुष्यभर डब्यांवर आकडे कोरले, म्हणून काय पीठ त्याने दळलं? ती दोन तासांची ओळ मी लिहिली ती बहिणीकडे बघून लिहिली. नाहीतर तीही लिहिली नसती.

आणि समज, धरला असेल एखादा पाना. बाजू मांडायला तो आज नाही आणि तू मांडतोस? तो असताना कधी एका शब्दाने बोलला नाही. का बोलला नाही, ते तुझ्या आईला विचार. तू स्वतः अडतीस तास घालवलेस, त्याचं खापर फोडायला तुला मेलेला माणूस सापडला, एवढंच मला दिसतं.

सोळा हा आकडा या धंद्यात माझं नाव आहे. त्याला हात लावशील तर याद राख. तुझी आई माझ्या मागच्या खोलीत राहते. तेरा वर्षं राहते. मी एका पैचं भाडं मागितलेलं नाही. मागू शकतो. कडी नीट करायच्या आधी दार कुणाचं आहे ते लक्षात असू दे.

तुझी मामी म्हणते की पोर लहान आहे, सोडून दे. सोडलं. पुन्हा हा विषय काढू नये, म्हणजे आपलं आहे तसं राहील.

तुझा मामा


ता. २४ मार्च

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

दादाने तुझं पत्र ओट्यावर आपटलं आणि वाच म्हणाला. दोन्ही वाचली, तुझं आणि त्याने तुला लिहिलेलं. तू एक वेळ चहा-पावावर काढतोस ते मला त्याच्या तोंडून कळलं. त्याबद्दल तुझ्याशी वेगळं भांडेन.

मला माहीत होतं. तेव्हापासूनच.

त्या वर्षी दादाच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या मिस्त्रीची जागा रिकामी झाली होती. मालकाने सांगितलं होतं की ही गाडी जो दोन दिवसांत उभी करील त्याला जागा. दादा तुझ्या बाबांना म्हणाला की दोघं मिळून करू, नाव माझं लागू दे, मी वर गेलो की पहिल्याच महिन्यात तुम्हाला मिस्त्री करतो. तुझे बाबा हो म्हणाले. उजवी बाजू त्यांनी केली. त्यांची बाजू दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, दादाच्या दोन तास आधी. ते दादाला म्हणाले की तुझ्याकडच्या फटीही एकदा मोजून देतो. दादा चारचौघांत म्हणाला की दाजी, तुम्ही आपले भाग धुवा. त्यांनी दोन तास भाग धुतले. तेवढेच दोन तास कागदावर लागले.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं की ओळख, मला किती लागले. मी वीस म्हणाले. चौदा म्हणाले, आणि अख्ख्या घरात फिरले. त्यानंतर पहिला महिना आला नि गेला. सहा वर्षं पहिलाच महिना चालू होता. मग ते गेले.

मी का बोलले नाही? आधी वाटायचं की दादा उद्या देईल. नंतर खोली त्याची, तुझी शाळा त्याच्या हातात, तुझं काम त्याच्या हातात. तुझ्यासमोर तो त्यांना गोगलगाय म्हणायचा तेव्हा मी भांडी आदळायची. मला तेवढंच येत होतं.

आता तू भांडू नकोस. माझं वय इथून उठून कुठे जाण्याचं नाही. कडी मी दोरीने बांधली आहे.

दोन्ही वेळ जेव. तुझं माझ्यावर आहे ते असू दे, मला दुसरं काही नको.

तुझी आई


ता. ३० एप्रिल १९९६, मंगळवार. दुपारी एक वाजून पंचेचाळीस मिनिटे. जेवण झालं आहे, ताट धुऊन ठेवलं आहे.

ती. आईस,
शि. सा. न.

बाईंनी मला कायम केलं. मी त्यांना वहीतलं मार्चचं पान दाखवलं होतं. सदतीस तास वीस मिनिटं, तारखेसह. त्यांनी बेरीज पुन्हा करून बघितली आणि म्हणाल्या की खरा आकडा खिशात ठेवून खोटा दिलास, त्याचा पगार कापला तो कापलाच, पण वही चांगली आहे. आता सगळ्यांच्या कामांचे तास मी लिहितो. टेबल मिळालं. वेल्डर अजून मिनिटराव म्हणतो, पण चहा आणून देऊन म्हणतो.

दोन खोल्यांची जागा घेतली आहे. दाराला कडी आहे, कुलूप आहे आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत. त्यातली एक तुझी. पुढच्या रविवारी मी न्यायला येतो. वय वगैरे काही ऐकणार नाही. येताना फक्त डबे घे, झाकणांसकट.

तुझा मुलगा


ता. ८ जुलै

चि. भाच्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई गेल्यापासून घर मोकळं झालं आहे. मामी म्हणते की भांड्यांचा आवाज नाही तर करमत नाही. रागाच्या भरात मी काहीबाही लिहून गेलो असेन. घरच्यांचं घरच्यांनी मनात धरायचं नसतं.

टायरवाल्याने जागा घेतली. मालकांनी मला महिन्याचा पगार आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. नवा पोरगा म्हणतो की बाबा, टायर बदलायचे तर राहा, नाहीतर घरी आराम करा. मला बाबा म्हणाला. तीन ठिकाणी जाऊन आलो. सगळ्यांकडे नव्या गाड्या आहेत. यंत्र लावतात, यंत्र सांगतं. माझं काम कुणाला नको आहे, आणि मला दुसरं येत नाही.

तुझ्या बाईंकडे जुन्या गाड्या असतात. तिथे शब्द टाकावास. तुझं वजन आहे असं ऐकतो. मला मोठ्या मिस्त्रीची जागा नको, कोपऱ्यातलं एखादं बाक चालेल. त्यांना एवढंच सांग की सोळा तासवाला स्वतः येतो आहे. त्यांना ओळख लागणार नाही.

डोळ्यांना थोडं कमी दिसतं. हाताचं काही विशेष नाही, सकाळी थोडा थरथरतो, मग बसतो.

तू माझ्या बहिणीचा मुलगा. त्या नात्याने मागतो आहे, एवढं पुरे.

तुझा मामा


ता. ११ जुलै १९९६, गुरुवार. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. टेबलाशी बसून लिहीत आहे. बाई समोर आहेत.

मामांस,
सा. न.

आपलं पत्र बाईंना वाचून दाखवलं. त्यांना आनंद झाला. योगायोग असा की त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली आहे. डॉक्टरांच्या मित्राची. चारही कॅमशाफ्ट बदलायचे आहेत. गिऱ्हाइकाला मी सदतीस तास वीस मिनिटं लिहून दिले आहेत.

नव्या मिस्त्रीला आमच्याकडे पहिलं काम बोलीवर मिळतं. आकडा मिस्त्रीने स्वतः द्यायचा. पगार त्या आकड्याचा, आणि तोही काम पुरं झाल्यावर. मिस्त्रीचा दर तासाला अठ्ठेचाळीस. काम एकट्याने करायचं असतं.

आपला आकडा तोच आहे का, ते लेखी कळवावं. दुसरा असेल तर दुसरा चालेल. येण्याच्या भाड्याचे एकशेवीस वेगळे पाठवत आहे. राहायला आमच्याकडे. आई वाट बघते आहे. चष्मा आणावा.

कळावे, नातं आहे तिथेच आहे.

आपला भाचा


ता. १३ जुलै

सोळा. लेखी.

पैसे पोचले. बाईंसमोर मी दुसरा आकडा देईन असं तुला वाटलंच कसं? पुढच्या रविवारी पोचतो. बहिणीला सांग, उशी मला उंच लागते.

मामा


ता. २८ जुलै १९९६, रविवार. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. मामांची राहिलेली पिशवी बांधत आहे. त्यात चष्म्याचं घर, एक बनियन आणि फटी मोजायचं फीलर गेज आहे. गेजची पाती एकमेकांना चिकटलेली आहेत.

मामांस,
स. न.

गुरुवारी आपण कुणालाही न सांगता गेलात. बाईंनी तिसऱ्या दिवशी नोंद मागितली, म्हणून लिहीत आहे. काही चुकलं असेल तर कळवावं.

सोमवारी आठला आपण काम सुरू केलं तेव्हा सगळे हात पुसून बघायला उभे राहिले होते. आपण त्यांना सांगितलं की बघा आणि शिका. मंगळवारी संध्याकाळी सोळावा तास झाला तेव्हा डावीकडचे जुने कॅमशाफ्ट निघाले होते, उजवीकडचं झाकणही उघडलेलं नव्हतं. रंगाऱ्याने भिंतीवर रेघ ओढली. ती मी पुसायला लावली नाही, हे खरं आहे. बुधवारी आपला हात दुपारपर्यंत बसला नाही. आपण मला बोलावून हळूच म्हणालात की तू उजवी बाजू धर, दोघं मिळून करू, बाईंना कशाला सांगायचं. मी म्हणालो की मी अंदाज लिहिणारा आहे, बोलीच्या कामात हत्याराला हात लावायची मला परवानगी नाही. परवानगी मी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. घड्याळ बघून वेळ लिहिली, तीन वाजून पाच मिनिटं.

गुरुवारी डावी बाजू कशीबशी बसली. मी म्हणालो की फटी मोजून देऊ का. आपण नको म्हणालात. मग बाकावरचे भाग उचलून बघितलेत आणि म्हणालात की निदान चेन आणि बेअरिंगच्या टोप्या तरी धुऊन ठेवतो. आपण दोन तास भाग धुतले. नीट धुतले होते, एकाही खाचेत मळ नव्हता. ते झाल्यावर आपण हात पुसून बाहेर गेलात आणि परत आला नाहीत.

उजवी बाजू मी परवानगी घेऊन शुक्रवारी आणि शनिवारी केली. सतरा तास पाच मिनिटं लागली. बाबांना चौदा लागले होते. घाई कुठे करायची ते मला अजून कळलेलं नाही. डावीकडे आपण बसवलेल्या बारापैकी पाच फटी कमी निघाल्या. सोमवारी पुन्हा खोलणार आहे.

कामाचा कागद मी भरला. इंजिन काम, मिस्त्री: तिथे माझी सही आहे. खाली एक ओळ आहे. धुणे-पुसणे, मदतनीस, २ तास. ती ओळ आपली. दोन्ही ओळी माझ्या हातच्या आहेत.

आईने तो कागद काल वाचला. मला वाटलं होतं की ती डब्यांकडे बघेल, काही बोलेल. तिने कागदाची घडी घालून परत दिला. जेवताना पोळी वाढली आणि एवढंच म्हणाली की अगदी मामावर गेलास. मग आत जाऊन भांडी घासायला बसली. एकही आदळलं नाही.

पिशवी उद्या पार्सलने येईल. गेजची पाती मी तेलाने सोडवून पुसली आहेत. मामींना नमस्कार. माया किती ठेवावी ते आपण ठरवावं, मी आकडा देत नाही.

आपला भाचा

ता. क. हिशेब सोबत:

आपल्याला येण्याचं भाडं, आगाऊ: १२०
पिशवीचं पार्सल व टपाल: ९
मार्चमध्ये आपल्या आकड्यामुळे कापलेला माझा पगार, २२ तास १० मिनिटं: ६६५
बाबांचे जून ७७ चे १४ तास, तेव्हाचा मिस्त्रीचा दर ४, आईला देणे: ५६
एकूण आपल्याकडून येणे: ८५०

आपलं इंजिन काम, २९ तास ३० मिनिटं, काम अपुरं: ०
आपलं धुणे-पुसणे, २ तास, मदतनिसाचा दर १५: ३०
वजा जाता येणे: ८२०

आईच्या खोलीचं तेरा वर्षांचं भाडं आपण कळवावं, तेही वजा करू. बाबांच्या चौदा तासांवर व्याज धरलेलं नाही.